अण्णा नाईक की अरुंधती? मालिका कुणाची जिंकली, आणि आपण काय हरलो

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अॅक्चुअली' थोडे कमी केलेत. मालवणी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आमच्या घरातल्या भांडणातून आलाय. गणपतीत देवबागला सगळे जमलो होतो. मुंबईचे, पुण्याचे, गावातले. चौदा माणसं, दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या, आणि उरलेल्या घरात आम्ही. आरती झाली, जेवणं झाली, बाहेर पाऊस. मग विषय निघाला की मराठीतली सगळ्यात मोठी मालिका कुठली.

काका म्हणाला, 'रात्रीस खेळ चाले'. विषय संपला. माझी पुण्याची चुलतबहीण म्हणाली, अजिबात नाही, 'आई कुठे काय करते'. काका म्हणाला, "अण्णा नाईकाक कोण इसारलो? सांग. आणि त्या अरुंधतीच्या घोवाचा नाव सांग बघू, पटकन." बहिणीने एका सेकंदात सांगितलं, अनिरुद्ध देशमुख. पडवीत हशा. पण भांडण काही मिटेना, रात्री बारापर्यंत चाललं.

मी तेव्हा गप्प होतो. नंतर डोक्यात आलं की आम्ही सगळे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होतो. काका आठवण मोजत होता. बहीण रेटिंग मोजत होती. आणि आई आत भांडी घासताना काहीतरी तिसरंच बोलत होती, ते कुणी ऐकलं नाही. म्हणून आज तीन मोजपट्ट्या घेऊया. किती जणांनी पाहिलं, किती लक्षात राहिलं, आणि पाहिल्यामुळे काय बदललं.

पहिली मोजपट्टी: किती जणांनी पाहिलं

आपण सहज म्हणतो, टीआरपी जास्त. पण टीआरपी येतो कुठून?

भारतात २०१५ पासून हे काम 'बार्क' नावाची संस्था करते. त्यांनी देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेत. चॅनेलच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते. ती आपल्या कानाला कळत नाही, मीटरला कळते. घरातला कोण समोर बसलाय हे माणसाने बटण दाबून सांगायचं. मीटर कुणाच्या घरी आहे हे गुप्त ठेवतात. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्या दिवशी चॅनेलच्या ऑफिसात कुणाचं तोंड गोड, कुणाचं कडू.

आता गणित बघा. २०२२ च्या सुमारास अशी साधारण ५५ हजार घरं होती आणि देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या आसपास. म्हणजे एका मीटरमागे जवळजवळ ३,८०० घरं. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख. घरं धरा दोनेक लाख. सरळ भागाकार केला तर आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला पन्नासेक मीटर येतात. हा माझा भागाकार आहे, प्रत्यक्षात मीटर कुठे लावायचे त्याचे नियम वेगळे. पण अंदाज येतो ना? देवगडपासून दोडामार्गापर्यंत आठ तालुके, आणि पन्नास घरांचं बटण. शिवाय आपला आकडा वेगळा येतच नाही. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार धरतात, त्यात आपण मिसळून जातो.

दुसरी गंमत. रेटिंग म्हणजे नुसती डोकी नाहीत, वेळसुद्धा त्यात असतो. दहा जणांनी पूर्ण अर्धा तास पाहिलं आणि वीस जणांनी पंधरा मिनिटं पाहून चॅनेल बदललं, तर दोन्ही सारखंच. म्हणून प्रत्येक ब्रेकच्या आधी कुणीतरी दार उघडतो, सगळे वळून बघतात, ढॅण ढॅण ढॅण. तुम्ही रिमोटला हात लावू नये म्हणून ती सगळी धडपड.

आता या मोजपट्टीवर आपले दोन पैलवान. 'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. दुसरा भाग जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२०. तिसरा मार्च २०२१ मध्ये आला आणि २०२२ मध्ये संपला. वेळ कुठली? पहिल्या दोन भागांत रात्री साडेदहाची. 'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ला आली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं चालली. बहुतेक काळ संध्याकाळी साडेसातला.

साडेसातला घराघरात टीव्ही चालू असतो. साडेदहाला आमच्याकडे अर्धा गाव झोपलेला असतो, कारण पहाटे होडी समुद्रात जायची असते. म्हणून साडेदहाच्या मालिकेला साडेसातच्या मालिकेशी एकाच तराजूत तोलणं म्हणजे रापणीच्या माशांची गळाच्या माशाशी तुलना. अण्णा गाजत होते तेव्हासुद्धा झीवर वरच्या जागेसाठी भांडणारी बाई राधिका होती, 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली. आणि मग अरुंधतीच्या काळात बाजी पलटली. इतकी वर्षं पहिलं असलेलं झी मराठी मागे पडलं, स्टार प्रवाह पुढे गेलं. त्या उलटफेरात 'आई कुठे काय करते' चा हात मोठा.

तर पहिली मोजपट्टी: अरुंधती. बहीण जिंकली.

दुसरी मोजपट्टी: किती लक्षात राहिलं

इथे काका सरसावून बसला.

विचार करा, 'रात्रीस' च्या पहिल्या भागाची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने होते. सगळी मुलं वाड्यावर जमतात. म्हणजे ज्याच्या नावाने आज लोक मालिका ओळखतात तो माणूस कथेत आधीच गेलेला. मग दुसऱ्या भागात मागे जाऊन अण्णांचं आयुष्य दाखवलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा, अपूर्वा नेमळेकरची शेवंता, शकुंतला नरेंची माई. जमीन हडपणारा, बायकोला छळणारा, खून पचवणारा माणूस. आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतला! तुमच्या फोनमध्ये अजून एखादा अण्णांचा स्टिकर असेल, बघा.

हे टीव्हीच्या आठवड्याच्या आकड्यात येत नाही. आपण फोनवर बघितलेले तुकडे, फॉरवर्ड, मीम, काही नाही. माझ्या मुंबईच्या कॉलेजातल्या अर्ध्या मुलांनी एकही पूर्ण भाग पाहिला नव्हता, पण पांडूचं 'इसारलंय' सगळ्यांना पाठ.

आणि जागा लक्षात राहिली. शूटिंग झालं आकेरीत, कुडाळ तालुक्यात. मालवणहून कुडाळ, मग झाराप, मग सावंतवाडीकडे जाताना आकेरी लागतं. त्या गावात रामेश्वराचं जुनं, सुंदर देऊळ आहे. आमच्याकडे उतरणारे पाहुणे रामेश्वर विचारत नाहीत. ते विचारतात, "नाईकांचा वाडा किती लांब?" बाबा आधी वैतागायचे. आता रस्ता सांगतात आणि वर म्हणतात, देवळात पण जावा.

अरुंधतीचं घर कुठे आहे, असं कुणी विचारत नाही. तिचं घर कुठेही असू शकतं, आणि ते खरंच तसं आहे. ही मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमयी' नावाची. तीच हिंदीत 'अनुपमा' झाली. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, बायको घरात सगळ्यांसाठी राबते, एक दिवस तिचे डोळे उघडतात. कोलकात्यात चालते, ठाण्यात चालते, देवबागात पण चालते.

दुसरी मोजपट्टी: अण्णा. काका जिंकला.

तिसरी मोजपट्टी: काय बदललं

इथे मात्र मला घरातलंच सांगावं लागेल.

२०१६ साली आजीने पहिल्यांदा 'रात्रीस' लावलं तेव्हा मी बाजूला होतो. ती टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "अरे मेल्या, ह्यो माणूस आपल्यासारखो बोलता!" ती भुताला घाबरली नाही. तिला धक्का भाषेचा बसला.

मालवणी त्याआधी लोकांनी ऐकली नव्हती असं नाही. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, हजारो प्रयोग झाले, लंडनपर्यंत नेलं. मालवणीला रंगभूमीवर मान मिळाला तो त्या माणसांमुळे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या कानात मालवणी म्हणजे विनोद. आपण तोंड उघडलं की समोरचा हसायला तयार.

'रात्रीस' मध्ये पांडू होता, हसू होतं. पण माई मालवणीत रडली. अण्णा मालवणीत धमकी द्यायचे. भाऊ भाऊ जमिनीवरून मालवणीत भांडले. शहरातून आलेली सून प्रमाण मराठी बोलते आणि तिलाच वाड्यातलं निम्मं कळत नाही. रोजच्या मालिकेत आपल्या भाषेत कुणी दुःख करतंय, हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं. नंतर २०१७ मध्ये त्याच चॅनेलवर 'गाव गाता गजाली' आली, तीही मालवणीतली. भूत नाही, नुसता गाव आणि गजाली. मला ती जास्त आवडायची. पण आज किती जणांना आठवते?

आता दुसरी बाजू. 'रात्रीस' सुरू झाल्या झाल्या सिंधुदुर्गात विरोध झाला होता. मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, बंद करा, अशी मागणी झाली. तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं. आता तितकं वाटत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. त्यानंतर तिसऱ्या वर्षी आपला जिल्हा रोज रात्री साडेदहाला भुताटकीचा जिल्हा म्हणून दिसायला लागला. पाहुणे आले की हसत हसत विचारतात, इकडे खरंच असतं का हो? आजीला एकाने विचारलं. ती म्हणाली, "भूत खंय मेल्या? रात्री लाइट जाता, ताच आमचा भूत."

पण मग मी विचार करतो, कोकणात रात्रीची, देवादानवांची गोष्ट काय टीव्हीने आणली? जत्रेत दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. संकासुर येतो, पोरं रडतात, आया हसतात. लिहिलेले संवाद नाहीत, नट उभ्या उभ्या बोलतात. पण तिथे सकाळ होते. राक्षस मरतो, लोक खाजं घेऊन घरी जातात. मालिकेत सकाळ होत नाही, कारण उद्या परत साडेदहाला यायचंय. २०२३ मध्ये सन मराठीवर वेतोबाची मालिका आली. आरवलीचा वेतोबा, ज्याला भक्त मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा. तीच कोकणातली रात्र, पण तिच्यात भीतीऐवजी राखणदार. मला वाटतं, वाद भूत दाखवण्याचा नव्हता. आपल्या रात्रीची अर्धीच गोष्ट दाखवली, हा होता.

आणि अरुंधती? तिने काय बदललं?

आमच्या घरी साडेसातची वेळ बाबांच्या चहाची. वर्षानुवर्षं. २०२१ मधली एक संध्याकाळ. अरुंधती आणि अनिरुद्धच्या घटस्फोटाचं चाललं होतं. बाबांनी बाहेरून आवाज दिला, चाय. आई जागेवरून न उठता म्हणाली, "ब्रेक लागां दे, मगे देतंय."

घरात शांतता. बाबा आत आले, टीव्हीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बसले. ब्रेक लागेपर्यंत बसले. मग पुढच्या आठवड्यात कधीतरी त्यांनी स्वतः गॅस पेटवला. आज साडेसातचा चहा बाबा करतात. साखर जास्त घालतात, पण करतात.

मी ही गोष्ट मित्रांना सांगायचो, बघा, मालिकेची ताकद! एकदा आईसमोर सांगितली. ती म्हणाली, "मालिकेमुळा नाय रे. माझी ढोपरां दुखतत, म्हणान."

म्हणून सांगतो, मालिकेने समाज बदलला असं कुणी छातीठोक सांगितलं की सावध राहा. गुडघेदुखी कुणी मोजत नाही. पण माझा अंदाज, गुडघे आधीपासून दुखत होते. 'नंतर देते' म्हणायला तिला कुठूनतरी बळ मिळालं. तिने कुणाशी भांडण केलं नाही, फक्त अर्ध्या तासावर हक्क सांगितला. पडवीत आम्ही भांडत होतो तेव्हा ती आतून हेच म्हणत होती, असं मला नंतर कळलं: "माका तेवढोच येळ माझो होतो."

मग जिंकलं कोण?

आकड्यात अरुंधती. आठवणीत अण्णा. घरातल्या बदलात, माझ्या घरापुरतं, परत अरुंधती. पण माझ्या आतला हिशोब अजून बाकी आहे.

मी अकरावीला मुंबईत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात 'खंय' म्हणून गेलो. मुलं हसली. त्या दिवसापासून मी घरचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो. दोन वर्षं. मग २०१९ आलं, अण्णा परत आले, आणि तीच मुलं मागे लागली, बोल ना, एकदा अण्णांसारखं बोल. मी बोललो. टाळ्या. मस्त वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू लक्षात आलं की त्यांना दोनच प्रकार हवेत. अण्णांची शिवी नाहीतर पांडूचं इसारलंय. आजी जशी बोलते, सावकाश, मध्येच समुद्राकडे बघत, तशी मालवणी कुणी मागितली नाही. आणि मीही ऑर्डरप्रमाणे देत गेलो. आधी लाजेने भाषा लपवली, नंतर टाळ्यांसाठी तिची नक्कल केली. बोललो कधीच नाही.

याच गणपतीत माझी सहा वर्षांची भाची पडवीभर 'इसारलंय, इसारलंय' करत नाचत होती. तिचा जन्म मालिका सुरू झाल्यानंतरचा, तिने ते रील्सवर ऐकलेलं. सगळे कौतुक करत होते. आजीने तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "खंय गेललंस गो? कधीपासून हुडकतंय तुका." भाचीने माझ्याकडे बघितलं. मामा, आजी काय म्हणते?

एक शब्द पोचला होता, वाक्य पोचलं नव्हतं. यात मालिकेचा दोष नाही. तिने शब्द मुंबईच्या घरापर्यंत नेऊन दिला. पुढचं वाक्य घरात आम्ही बोलायचं होतं. ताई नाही बोलली, मी नाही बोललो. 'गावठी वाटतं' म्हणून. मालिका भाषेला प्रसिद्धी देऊ शकते. भाषा जगते ती जेवायला बोलावताना, रागावताना, हुडकताना. ते काम कुठलंही चॅनेल आपल्यासाठी करणार नाही, कितीही रेटिंग आलं तरी.

तर माझा निकाल असा. 'आई कुठे काय करते' ने घरातल्या बाईला अर्धा तास दिला. 'रात्रीस खेळ चाले' ने आपल्या भाषेला एक दार उघडून दिलं. त्या दारातून भूत आत आलं म्हणून आपण ओरडलो, पण आपली पोरं त्याच दारातून बाहेर जातायत, हे बघितलंच नाही.

मी एक सुरुवात केली आहे. रोज रात्री आजीला फोन करतो आणि भाचीला कॉलवर घेतो. नियम एकच, मी भाषांतर करायचं नाही. पहिले तीन दिवस दोघी नुसत्या हसल्या. चौथ्या दिवशी आजीने विचारलं, "जेवलंस काय गो?" आणि पलीकडून उत्तर आलं, "जेवलंय."

उच्चार चुकलेला होता. आजीने सुधारला नाही. म्हणाली, "बरा झाला."

या आठवड्यात तुम्हाला एकच काम. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, त्यांची मालिका कुठली, आणि त्यांच्या बोलीत उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी, काहीही चालेल. पुढच्या भागात तेच ऐकवणार.

तोपर्यंत, येतंय हां.